बसीसाचे रोजचे वजन

मेंदीच्या दुकानाच्या फळ्या काढल्या की खाला अल्जिया सगळ्यात आधी तराजू पुसायची आणि डाव्या पारड्यात बसीसाला ठेवायची. दारात गिऱ्हाईक उभे असले तरी आधी बसीसा, मेंदी नंतर. उजव्या पारड्यात वजने चढायची, एक मोठे, एक मधले, मग बारकी. काटा थरथरायचा थांबेपर्यंत खाला श्वास रोखून धरी. मग ओल्या मेंदीत बोट बुडवून ती मागच्या चुन्याच्या भिंतीवर एक ठिपका ठेवायची. वजन वाढले असले तर कालच्यापेक्षा केसभर वर, घटले असले तर केसभर खाली. खालाला लिहिता येत नव्हते. पण कोपऱ्यापासून खिडकीपर्यंत गेलेली ती ठिपक्यांची रांग तिला तोंडपाठ होती. "हा खड्डा बघ," ती म्हणायची, "तेव्हा हिला गारठा बाधला होता. आणि ही टेकडी टोळांच्या दिवसांतली. खाऊन खाऊन नुसती गोल झाली होती."

बसीसा ही गनफूद होती. साळिंदर पाहिलेल्याने तिच्याकडे पाहून हसावे एवढीशी, दोन ओंजळींत मावणारी, टोकदार नाकाची, भित्री. जरा खुट्ट झाले की नाक आणि पाय पोटात घेऊन काट्यांचा चेंडू होणारी. आमच्या गाबेस गावच्या खजुरीच्या बागांत असे गनफूद पुष्कळ. हिचा मागचा एक पाय कुत्र्याने तोडला होता आणि ती पाटाच्या पाण्यात पडलेली खालाला सापडली. खाला मेंदीचा पाला आणायला गेली होती, पाल्याच्या पोत्यातून हिला घेऊन आली. भाजलेल्या जवाच्या पिठासारखा तिचा रंग, म्हणून त्या पिठाचेच नाव तिला मिळाले.

पहिल्याच दिवशी तिने गल्लीला घाबरवले. मेंदीच्या भुकटीचा वास घेतला, तोंडाला फेस आणला, आणि मान वाकडी करकरून तो फेस स्वतःच्या पाठीवर थापू लागली. समोरचा कॉफीवाला बुरावी, आमच्याकडे मानाने म्हणतात तसे सी बुरावी, स्टुलावर चढला.

"पिसाळलंय ते! अल्जिया, टाक बाहेर!"

"पिसाळलेली नाही, नटतेय," खाला म्हणाली. "मेंदीच्या दुकानात आलेली बाई नटणारच. तू उतर खाली, स्टूल मोडेल."

पुढे आम्हाला कळले की नवा वास आला की गनफूद असेच करतात. खालाला ते आधीच ठाऊक होते, की तिने ते तिथल्या तिथे ठरवले, हे कधी कळले नाही. तिचे बरेचसे ज्ञान असेच होते, आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघायचे. बसीसाची नखे वाढली तेव्हा कुणालाच ती कापता येईनात, कारण हात लावला की चेंडू. खालाने तिला मेंदीच्या जाड चाळणीवर ठेवले आणि गप्प बसून राहिली. थोड्या वेळाने बसीसा उलगडली, चालू लागली, नखे चाळणीच्या भोकांतून खाली आली. खालाने चाळण डोक्याएवढी उंच धरली आणि मला, शेजारच्या दुकानातल्या पोरीला, खालून बारीक कात्रीने नखांची टोके कापायला लावली. आठ दिवसांनी तिच्या अंगावर कोंडा दिसला, काटे गळू लागले, तेव्हा मात्र खालाने स्वतःचे ज्ञान वापरले नाही. टोपली उचलली आणि मेंढ्यांच्या बाजाराजवळ डॉक्टर नजला बसायच्या तिथे, शेळ्या-मेंढ्यांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. कातडीत बारीक किडे होते. औषधाचे थेंब पडले, टोपलीतला भुसा जाळला, आणि काटे पुन्हा आले.

गळलेले काटे मागायला बायका यायच्या. पोराचा खोकला जावा म्हणून काट्यांची धुरी देतात आमच्याकडे.

"दोन दे ना ग, पोरगं रात्रभर खोकतंय."

"पोराला डॉक्टरकडे ने. ही खोकली तेव्हा मी हिला नेलं. तुझं पोरगं हिच्यापेक्षा स्वस्त आहे का?"

बाई चिडून जायची आणि दुसऱ्या दिवशी पोराला घेऊन दवाखान्यातून परतताना मुद्दाम दुकानासमोरून जायची.

खाला मूळची आमच्या गावची नव्हती. एकतीस वर्षांपूर्वी ती मतमातच्या डोंगरातून आली, एकटी, एका गाठोड्यासह. आमच्या गल्लीत नवे माणूस आले की नाव विचारण्याआधी त्याच्यापुढे दूध आणि खजूर ठेवतात. माझ्या वडिलांनी ते तिच्यापुढे ठेवले होते. वडील खजुरीच्या पातीच्या टोपल्या विणतात, आमचे दुकान तिच्या शेजारीच. त्यानंतर दर ईदला पहिल्या सकाळी बाबा दुधाचा वाडगा आणि खजुरांची ताटली तिच्या दारी पाठवत आले. ती घ्यायची, उभ्यानेच एक घोट प्यायची, दुवा द्यायची आणि दार लावून घ्यायची. एकतीस वर्षे. आणि एकतीस वर्षे ती गल्लीच्या तोंडी "मतमातवाली" होती.

डाळिंबे उतरायच्या दिवसांत भिंतीवरचे ठिपके खाली येऊ लागले. पहिल्या दिवशी केसभर, दुसऱ्या दिवशी बोटभर. सहाव्या दिवशी ठिपका ठेवायला खालाला वाकावे लागले. बसीसाची विष्ठा हिरवी, पातळ. ती चेंडूही नीट होईना, अर्धवट वळून पडून राहायची, पोट उघडे. खालाने त्या दिवशी एका नवरीच्या मेंदीचे वजन दोनदा चुकवले. तिच्या हातून वजन चुकलेले मी प्रथमच पाहिले.

डॉक्टर नजलांनी बसीसाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती पटकन सपाट झाली नाही.

"अंगातलं पाणी संपलंय. दूध कोण देतं हिला?"

"दूध? माझ्या दुकानात दूध येत नाही. उकडलेलं अंडं, झुरळं, कोंबडीचा तुकडा, पसरट ताटलीत पाणी. तुम्हीच सांगितलं होतं ना!"

"मग दुसरं कुणीतरी देतंय. आणि गोडही. यांना दूध पचत नाही, खाला. लहानपणी आईचं तेवढंच." डॉक्टरांनी बारीक सुईने कातडीखाली पाणी सोडले. "ऊबेत ठेवा. दूध आजपासून बंद झालं तर जगेल. अजून दोन दिवस चाललं तर मी काही करू शकणार नाही."

खाला परत आली, गरम पाण्याची बाटली लोकरी पंच्यात गुंडाळून टोपलीत ठेवली आणि गल्लीच्या मधोमध उभी राहिली. डॉक्टर काय म्हणाल्या ते तिने तेव्हा कुणाला सांगितले नाही.

"माझ्या बसीसाला दूध कोण पाजतंय?"

सी बुरावी कप विसळत होता, तो आणखी जोरात विसळू लागला. बाबांनी पात दातात धरली, त्यामुळे त्यांना बोलता येईना. मी पुस्तकात डोके घातले.

"बरं," खाला म्हणाली. "कुणीच नाही. म्हणजे खजुरीच्या झाडाला थान फुटलं असेल."

दुपारच्या नमाजाला जाताना आमच्याकडे दुकान बंद करत नाहीत. दारात आडवी काठी ठेवतात. काठी दिसली की कुणी आत पाऊल टाकत नाही. पण बसीसाची टोपली काठीच्या अलीकडे, उंबऱ्यावर उन्हात असायची. त्या दुपारी खालाने नेहमीसारखी काठी ठेवली, टोपली ठेवली आणि गेली. तेवढे सगळ्यांनी पाहिले. बसीसाला तिने मळक्या ओढणीत गुंडाळून पोटाशी धरून नेले होते आणि टोपलीत गरम बाटलीवर फडके टाकले होते, हे कुणी पाहिले नाही. झाकणाच्या मुठीला आतल्या बाजूने तिने नव्या पानांची, लिंबात कालवलेली मेंदी फासली होती, हेही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्या काढून झाल्यावर ती आधी समोर गेली.

"सी बुरावी, हात दाखव."

"का? भविष्य सांगायला लागलीस?"

"भविष्य नाही. कालचं सांगते."

त्याच्या अंगठ्यावर आणि दोन बोटांवर डाळिंबाच्या सालीसारखा रंग चढला होता. त्याने रात्रभर चुना, राख, लिंबू सगळे घासून पाहिले होते आणि त्यामुळे तो आणखी खुलला होता.

मग आमच्या दुकानात. बाबांनी हात टोपलीत खुपसला होता, पण टोपली अर्धीच विणलेली. करंगळी लालभडक. आमच्याकडे करंगळीला मेंदी लागते ती नवरदेवाच्या.

"अरे वा, सी हम्मादी!" बुरावी रस्त्यापलीकडून ओरडला. स्वतःचा हात त्याने खिशात घातला होता. "मुलगी कुठली?"

आतून आई आली. तिने करंगळी पाहिली, मग बाबांचे तोंड पाहिले. "मला तरी लग्नाला बोलवा," ती म्हणाली. "पक्वान्नं मीच करून देते."

खाला माझ्याकडे वळली. मी हात पुढे केला. मी फक्त खजूर देत होते, बी काढून, कुस्करून. पण बोटे सगळ्यांची सारखीच रंगतात.

"तिघं!" खाला म्हणाली. "तिघं मिळून एवढ्याशा जिवाला मारत होता. का? काय वाकडं केलं होतं तिनं तुमचं?"

तेव्हा बाबा उठले. त्यांच्या आवाजात खरेच दुखावल्यासारखे होते.

"मारायला दिलं का आम्ही? अल्जिया, लंगडा, परका जीव आपल्या गल्लीत येतो. तू त्याला झुरळं खायला घालतेस. लोक काय म्हणतील? पाहुण्यापुढे दूध-खजूर ठेवायचे नाहीत तर काय ठेवायचं?"

"मला वाटलं, फक्त मीच ठेवतोय," बुरावी पुटपुटला. "एक घोटभर."

"पाहुणी!" खालाचा आवाज चढला. "चौदा महिने झाले तिला इथं. चौदा महिने राहिलेला जीव पाहुणा असतो का? ती घरची आहे. घरच्या माणसापुढे कुणी रोज दूध-खजूर मांडतं का? घरच्याला शिळं वाढतात. घरच्याला ओरडतात, कामं सांगतात, आजारी पडला तर शिव्या देत दवाखान्यात नेतात. दूध-खजूर देऊन दाराबाहेर..."

ती थांबली. तराजू पुसायचे फडके तिच्या हातात होते, तेच तिने दोनदा झटकले आणि दुकानात गेली. बाबा खाली बसले, हातातली पात उलटी विणली आणि मग उसवली.

दोन दिवस ठिपका होता तिथेच राहिला. खाला दर तासाला बाटलीतले पाणी बदलत होती. गरम पाणी बुरावीच्या चुलीवरून जात होते आणि तो ते स्वतः आणून देत होता, रंगलेल्या हाताने, मान खाली घालून. तिसऱ्या सकाळी काटा थरथरला आणि उजवे पारडे वर गेले. खालाने एक बारके वजन वाढवले, मग ओल्या बोटाने ठिपका ठेवला. केसभर वर.

"सी बुरावी!" ती ओरडली. "कॉफी आण! दूध न घालता!"

त्यानंतर गल्लीने बसीसाकडे घरच्यासारखे पाहिले, म्हणजे तिच्यावर ओरडायला सुरुवात केली. बुरावी कोठारातले झुरळ पकडून डब्यातून आणायचा आणि म्हणायचा, "घे, फुकटखाऊ." बाबांनी तिला नवी टोपली विणली आणि ती एका आठवड्यात कुरतडली म्हणून तिच्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

मग ईद आली. पहिल्या सकाळी बाबांनी नेहमीप्रमाणे वाडगा दुधाने भरला, ताटलीत खजूर मांडले, दारापर्यंत गेले. तिथे थांबले. मग उंबऱ्यातच उभे राहून सगळे दूध स्वतः पिऊन टाकले आणि मिशा पुसत मला म्हणाले, "जा, अल्जियाला सांग, तुझ्या आईचा खांदा दुखतोय आणि मासे अजून साफ व्हायचे आहेत. लवकर ये म्हणावं. नेहमी उशीर करते."

ती नेहमी उशीर करते की नाही हे कुणालाच ठाऊक नव्हते, कारण तिला कधी बोलावलेच नव्हते. मी निरोप दिला. खाला नवा झगा उतरवून जुना घालून आली, बाह्या वर केल्या आणि आमच्या अंगणात पाय ठेवल्यापासून कुरकुरत राहिली. ईदच्या दिवशी तुम्हाला मोलकरीणच सापडली का, सुरी आहे की चमचा, हम्मादी, तुझ्या घरात मीठ कुणी ठेवतं का. आई हसून हसून दुखऱ्या खांद्याचे सोंग विसरली.

मासे धुताना खाला माझ्या कानाशी वाकली.

"एक सांगते. कुणाला बोलू नकोस. पहिल्या दिवशी दूध मीच दिलं होतं तिला. पाहुणी म्हणून." तिने आपली बोटे माझ्यापुढे धरली, नखांपासून मनगटापर्यंत एकतीस वर्षांच्या मेंदीने तांबूस झालेली. "मला कोण पकडणार होतं?"

त्यानंतर आणखी दोन हिवाळे खालाने फळ्या काढल्या. तिसऱ्या हिवाळ्यात एका रात्री ती झोपेतच गेली, आणि सकाळी फळ्या मी काढल्या, तराजू पुसला, बसीसाला डाव्या पारड्यात ठेवले. ती चेंडू झाली, मग नाक बाहेर काढून वास घेतला. काटा स्थिर व्हायला नेहमीपेक्षा वेळ लागला. ठिपका कालच्याच उंचीवर आला. आदली संध्याकाळ अगदी रोजसारखी गेली होती. मी घाईत होते, वहाणा घालून निघालेच होते, तेव्हा खालाने आतून हाक मारली होती.

"ए पोरी, उद्या येताना अंडं आण. एकच. आणि कच्चंच आण, तू उकडलेलं रबरासारखं होतं."