पुष्पाबाई आणि पंधरावा हंडा

पुष्पाबाईंना तुळशीदास दोन वर्षं रोज पाहत होता, पण त्यांना ओळखत होता असं म्हणायला त्याची जीभ रेटत नाही. माहेर जव्हारकडं, दाभोशाला, आणि चहात साखर नको, एवढंच त्याला ठाऊक. पोशेऱ्याच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर शाळा आहे, तिच्या समितीचा तो अध्यक्ष. दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून झालेला. शाळेत गेला तरी दाराशीच बसायचा.

तिथूनच त्यानं बाईंचं गणित पाहिलं. दोनशे लिटरचं पिंप, पंधरा लिटरचा हंडा, तर खेपा किती? चार-चार पोरांचे गट, गटाला एकच पाटी. सगळे चौदावर आले. हौशी नावाच्या पोरीचा गट मात्र पंधरावर अडून बसला.

"भागाकार येत नाही तुला," कमलेश म्हणाला.

"चढावर पाणी हिंदकळतं. तू कधी घेतलास का डोक्यावर हंडा?"

वर्ग हसला. बाईंनी चूक-बरोबर काहीच सांगितलं नाही. किती सांडतं ते मोजून या, म्हणाल्या. पोरं विहिरीवर गेली. खेपेला लिटरभर कमी भरलं. पुन्हा आकडेमोड, पुन्हा भांडण, आणि शेवटी कमलेशनंच आपल्या पाटीवरचा चौदा पुसला. तुळशीदास चौथी नापास. त्या दिवशी त्याला वाटलं, असं शिकवलं असतं तर आपल्यालाही आलं असतं.

मग वार्षिक परीक्षा आली. बाईंना दुसऱ्या वर्गावर नेमलं होतं. इथं मुख्याध्यापक सुदर्शन गुरुजी होते, तेही फोन घेऊन व्हरांड्यात. गणिताचा पेपर हातात पडताच पोरं उठून चार-चारांत बसली आणि वाद घालायला लागली. पाड्यावर भाताच्या लावणीला एकाच्या शेतात सगळे उतरतात. अवघड काम एकट्यानं करायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तेवढ्यात तपासणीचे साहेब दारात. त्यांनी कॉपी म्हणून लिहून घेतलं.

चार दिवसांनी गुरुजी कागद घेऊन तुळशीदासच्या ओट्यावर आले. बाईंच्या गटांचं वरती कळवायचंय, म्हणाले. कौतुकच असणार असं धरून त्यानं न वाचता सही केली. हेच गुरुजी सभेत बाईंच्या गटांची वाहवा करत होते.

बाई कंत्राटी. दरवर्षी समितीच्या शिफारशीवर त्यांची नेमणूक पुढं चालायची. यंदा चालली नाही. बाई मुलांना कॉपी शिकवतात, अशी समितीचीच तक्रार गेली होती. वर्ग सोडून व्हरांड्यात असलेल्या गुरुजींचं नाव तिच्यात कुठंच नव्हतं. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या राहीनं, तुळशीदासच्या सुनेनं, हे घरी सांगितलं तेव्हा आपण सही केलेला कागद कसला होता ते त्याला कळलं.

तो गुरुजींकडं गेला. तुम्ही मला फसवलंत, एवढं म्हणायला त्याला बराच वेळ लागला.

"काका, सही तुमची आहे," गुरुजी शांतपणे म्हणाले. "आणि वर्गातलं तुम्हाला काय कळतं?"

आपल्याला कळत नाही, हे तर तो जन्मभर मानत आला होता. तो परत फिरला.

बाई गाव सोडून निघाल्या त्या सकाळी त्यानं त्यांना रस्त्यात गाठलं. न वाचता सही केली, हे वाक्य त्यानं वाटभर जुळवलं होतं. बाईंनी पिशवी खाली ठेवली. तो कागद त्यांना दाखवला गेला होता हे त्याला त्यांच्या चेहऱ्यावरून समजलं, आणि वाक्य ओठांवर येईना.

"भाताच्या रोपांसाठी राब भाजून झाला का, काका?" बाईंनीच विचारलं.

"झाला. नाचणीचा तेवढा राहिलाय."

"बरं. येते मग."

"या," तो म्हणाला.