दहाव्या दिवसापर्यंत कुत्री जगली पाहिजे

मंगळवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या गेटसमोर मला कुत्री चावली. दोन चावे. पहिला उजव्या पोटरीला, दुसरा मी पडल्यावर डाव्या मनगटाच्या वर. पोटरीचा दोन इंचांचा तुकडा फाटून लोंबत होता. रोज धावण्याचा तो माझा सत्त्याण्णवावा दिवस होता.

साडेआठ वाजता सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं: डॉग बाइट, कॅटेगरी थ्री. कातडी फाटून रक्त आलं की तो चावा तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर गटात जातो. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "कुत्रं ओळखीचं आहे? जिवंत आहे?"

पहाटे धावणाऱ्या कुणावरही ही वेळ येऊ शकते. म्हणून जे घडलं ते क्रमानं लिहिते आहे.

मी सेहेचाळीस वर्षांची आहे. पंधरा वर्षं एका दैनिकात उपसंपादक होते. राहायला दिघीत. चार महिन्यांपूर्वी एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, सीमारेषेवर आली. गोळी सुरू करण्याआधी तीन महिने रोज चाला किंवा धावा, असं सांगण्यात आलं. पहिल्या दिवशी दोन विजेच्या खांबांमधलं अंतर धावले आणि कठड्याला धरून ओकले. चाळिसाव्या दिवशी कारखान्याच्या गेटपर्यंत न थांबता पोचले. घरापासून अडीच किलोमीटर. तिथून वळून परत. एकही दिवस चुकवला नव्हता.

ती कुत्री त्या गेटवरचीच. तपकिरी, एक कान फाटलेला. शिफ्ट सुटली की प्रत्येकाच्या मागे वीस पावलं चालायची, म्हणून कामगार तिला सुपरवायझर म्हणत. सत्तावन्न दिवस ती माझ्याही मागे वीस पावलं चालली होती. त्या मंगळवारी का चावली ते कळलेलं नाही.

गेटवर रात्रपाळीला लक्ष्मण सोनटक्के असतात. सुरक्षारक्षक, मूळचे नांदेडकडचे. ते काठी आपटत धावत आले, कुत्रीला हुसकलं, आणि खिशातली तंबाखूची पुडी काढून तिच्यातला चुना माझ्या पोटरीच्या जखमेत बोटानं दाबून भरला.

"हलू नका ताई. चुना विष ओढून घेतंय. आमच्याकडं लेकराला चावलं तरी हेच करायलेत."

चुन्यानं उघडं मांस भाजतं. मी किंचाळले ते चाव्यानं नव्हे, चुन्यानं.

समोरचं गॅरेज रफीकभाईंचं. ते शटर उघडत होते. त्यांनी माझा पाय पाहिला.

"ओ सोनटक्के, पान लावताय का वहिनींच्या पायाला? धुवा आधी ते."

त्यांनी गाड्या धुवायचा पाइप आणला, कपड्यांच्या साबणाची वडी आणली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पंधरा मिनिटं जखम धुतली. मी दोनदा पाय ओढून घेतला. दोन्ही वेळा त्यांनी सोनटक्क्यांना पाय धरायला लावला. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुणं हा पहिला उपचार आहे. चुना, हळद, तिखट यांतलं काहीही लावायचं नाही. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की चुन्यानं जखमेच्या कडा जळाल्या होत्या.

त्या दिवशी मला धनुर्वाताचं इंजेक्शन आणि रेबीज लसीचा पहिला डोस मिळाला. सीरम मिळालं नाही. लस शरीराला प्रतिकार करायला शिकवते, पण त्याला आठवडाभर लागतो. तोवर विषाणूला जखमेतच अडवायला तयार अँटिबॉडी टोचतात. ते सीरम. रुग्णालयात ते संपलं होतं. दोन खासगी रुग्णालयांतही नव्हतं. मी आणि माझी बहीण संध्याकाळी सातपर्यंत तीन प्रतीक्षालयांत बसलो.

बुधवारी सकाळी, चाव्यानंतर सव्वीस तासांनी, चौथ्या ठिकाणी सीरम मिळालं. ते दंडात देत नाहीत. जखमेच्या आत आणि कडेनं टोचतात. पोटरीत नऊ वेळा, मनगटापाशी चार वेळा. दोन परिचारिकांनी मला पालथं दाबून धरलं होतं. पाचव्या सुईला मी एकीच्या मनगटाला चावले. तिनं हात सोडवून घेतला, पाहिला आणि म्हणाली, "रक्त नाही आलं. धरा परत." टाके घातले नाहीत. अशी जखम शक्यतो लगेच शिवत नाहीत.

तिथल्या डॉक्टर म्हणाल्या, "रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की उपचार उरत नाही. तुमचं सीरम एक दिवस उशिरा झालंय. डोस तर पूर्ण करायचेच. पण कुत्रीवर दहा दिवस लक्ष ठेवा. चावताना तिच्या लाळेत विषाणू असेल तर ती दहा दिवस काढत नाही. दहाव्या दिवशी धडधाकट असली तर तुम्ही सुटलात."

मी सोनटक्क्यांना फोन केला. कुत्री आहे का, विचारलं.

"हाय की. बिनमधी घातलीय." सुटे भाग ठेवायच्या लोखंडी जाळीच्या पेटीला कारखान्यात बिन म्हणतात. मग ते म्हणाले, "पण ताई, खायली नाही काही."

गुरुवारी मी बहिणीच्या स्कूटरवरून गेटवर गेले. कुत्री बिनच्या कोपऱ्यात पडली होती. खालचा जबडा लोंबत होता. तोंडातून लाळेची तार जमिनीपर्यंत आली होती. पाण्याकडे तोंड न्यायची, पाणी गिळता येत नव्हतं. मी बारा सेकंदांचा व्हिडिओ काढला आणि डॉक्टरांना पाठवला. दोन मिनिटांत त्यांचा फोन आला. लोंबता जबडा, लाळ, गिळता न येणं ही पॅरालिटिक रेबीजची, म्हणजे लकवा मारणाऱ्या रेबीजची लक्षणं असू शकतात. कुणीही हात लावू नका. ज्यानं तिला उचललं त्यालाही लस द्या.

तोच व्हिडिओ मी आमच्या धावणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. सोबत लिहिलं: संशयित रेबीज, या रस्त्यानं जाऊ नका.

शुक्रवारी दुसरा डोस होता. नवरा अशोक रजा टाकून सोबत आला. तो चाकणच्या एका कारखान्यात असेंब्ली लाइनवर आहे. मंगळवारपासून तो घरात फारसं बोलला नव्हता. प्रतीक्षालयात मी त्याला व्हिडिओ दाखवला. "बघ. पिसाळलेलीच असणार," मी म्हणाले. "मी काय काय करायचं राहिलंय ते लिहून काढते आहे."

त्यानं व्हिडिओ पूर्ण पाहिला. परत पाहिला.

"तो जबडा मी मोडलाय," तो म्हणाला.

मंगळवारी पहिली पाळी करून तो कंपनीच्या बसमधून थेट एमआयडीसीत उतरला होता. सोबत लाइनवरचे दोघे. सोनटक्क्यांची पाळी तेव्हा नव्हती. दोघांनी कुत्रीला भिंतीशी कोंडलं. अशोकनं लोखंडी रॉडनं चार-पाच फटके मारले. एक जबड्यावर बसला, एक मागच्या पायावर. ती हलायची थांबली तेव्हा मेली असं समजून ते निघून आले. बुधवारी पहाटे सोनटक्क्यांना ती माल रचायच्या लाकडी पॅलेटखाली धुगधुगी असलेली सापडली. कुणी मारलं ते त्यांना दुपारी कळलं होतं. मला सांगितलं नव्हतं.

आम्ही आत जाऊन डॉक्टरांना हे सांगितलं. त्यांनी अशोककडे पाहिलं.

"तुम्ही बायकोचा रिपोर्ट फाडलात," त्या म्हणाल्या. "आता लाळ रेबीजची की माराची, मला सांगता येणार नाही. जिवंत आहे की मेली एवढंच कळेल. आणि माराने मेली तरी डोकं प्रयोगशाळेत पाठवावं लागेल. दहा दिवस जगवा तिला."

दुपारी जनावरांचे डॉक्टर आले. जाड हातमोजे घालून त्यांनी फासाच्या काठीनं तिला धरलं, वेदनाशामक आणि अँटिबायोटिक टोचलं. जबडा दोन ठिकाणी मोडला होता. पायाचं हाड शाबूत होतं. पातळ अन्न लांबून घशात ओता, म्हणाले. सोनटक्क्यांनी पीव्हीसी पाइपचा चार फुटी तुकडा कापला. एका टोकाला नरसाळं. अशोक घरून तांदळाची पेज करून आणायचा, पातेलं गेटवर ठेवायचा आणि मागे सरायचा. तो दिसला की कुत्री बिनच्या जाळीवर डोकं आपटायची.

"साहेब, तुमी तिकडं त्या खांबामागं थांबा," सोनटक्के त्याला म्हणाले. "तुमचं तोंड बघून ती मरंल."

रविवारी सकाळी सात वाजता पंधरा-वीस जण काठ्या आणि दगड घेऊन गेटवर आले. माझा व्हिडिओ तोवर शेजारच्या वस्त्यांत पोचला होता. फॉरवर्ड होताना 'संशयित' हा शब्द गळाला होता. त्या जागी 'पिसाळलेली, सात जणांना चावली' असं आलं होतं. चावली होती फक्त मला.

मी त्यांना केसपेपर दाखवला. एक जण म्हणाला, "ताई, तुमालाच चावलीय आन् तुमीच वाचवताय व्हय? उद्या आमच्या पोरांना चावल्यावर हाच कागद दावणार का?"

पहिला दगड बिनच्या जाळीवर लागला. दुसरा आत गेला आणि कुत्रीच्या पाठीवर बसला. अशोक खांबामागून निघाला आणि बिनला पाठ लावून उभा राहिला. "मारू नका भाऊ," तो म्हणाला. "शुक्रवारपर्यंत. शुक्रवारी तुम्हीच ठरवा." तिसरा दगड त्याच्या उजव्या भुवईवर लागला. तो खाली बसला पण जागचा हलला नाही. एकानं त्याच्या खांद्यावर काठी घातली. मागून कुत्री जाळीला दात लावायचा प्रयत्न करत होती. तिला तोंड मिटता येत नव्हतं. तिची लाळ त्याच्या शर्टावर ओघळली.

रफीकभाईंनी गाड्या उचलायचा चाकांचा ट्रॉली जॅक बिनखाली सरकवला आणि सोनटक्क्यांनी मागून रेटला. बिन रस्ता ओलांडून गॅरेजमध्ये गेला. रफीकभाईंनी शटर ओढून कुलूप लावलं.

"आता माझं शटर तोडा," ते जमावाला म्हणाले. "पण आत तुमच्याच चार गाड्या आहेत. कुणाची आधी फोडता बघा."

गर्दीतल्या तिघांच्या गाड्या खरोखर आत होत्या. साडेसातला रस्ता मोकळा झाला. अशोकच्या भुवईला चार टाके पडले. भुवईतून रक्त येत असताना लाळ अंगावर आली होती, म्हणून त्यालाही लस आणि सीरम देण्यात आलं. सोनटक्क्यांचा तेव्हा दुसरा डोस झाला होता. लस देणाऱ्या परिचारिकेनं आमच्याकडे बघून विचारलं, "अजून कोण राहिलंय का गल्लीतलं?"

मंगळवारी, सातव्या दिवशी, माझा तिसरा डोस झाला. त्या रात्री मला ताप आला आणि जखमेभोवती मुंग्या आल्या. चावलेल्या जागी मुंग्या येणं हे रेबीजचं पहिलं लक्षण असू शकतं. लसीनंतर ताप येतो आणि भरत्या जखमेतही मुंग्या येतात. यातलं कोणतं, ते तपासायची सोपी चाचणी नाही. डॉक्टर फोनवर म्हणाल्या, "कुत्री काय म्हणते?"

मी बुधवारी गॅरेजवर गेले. ती उभी होती. तीन पायांवर.

गुरुवारी तिनं अर्धं पातेलं पेज घेतली. अशोकनं नरसाळं धरलं होतं. त्यानं तोंडाला रुमाल बांधला होता. तिनं त्याला ओळखलं की नाही ते सांगता येत नाही.

शुक्रवारी, दहाव्या दिवशी, सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी सोनटक्के, रफीकभाई, अशोक आणि मी शटरच्या आत होतो. कुत्री जिवंत होती. जनावरांच्या डॉक्टरांनी नऊ वाजता तिला तपासून तसं लिहून दिलं: जबड्याचं फ्रॅक्चर, रेबीजची लक्षणं नाहीत. तो कागद माझ्या डॉक्टरांनी माझ्या केसपेपरला टाचला.

अठ्ठाविसाव्या दिवशी माझा शेवटचा डोस झाला. पोटरीवर बोटभर लांबीचा खड्डा राहिला आहे. चुन्याचा पांढरा डाग त्याच्या कडेला आहे. तपासणीत साखर सीमारेषेच्या खाली आली.

दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेसहाला मी दिघीतून निघाले. धावण्याचे दिवस मोजायच्या वहीत पहिला दिवस असं लिहिलं. अशोक मागून चालत होता. तीन ठिकाणी थांबून सहा वाजून तेवीस मिनिटांनी मी गेटवर पोचले. कुत्री सोनटक्क्यांच्या केबिनखाली होती. तिचा जबडा डावीकडे वाकडा जुळला आहे. मी वळून परत धावायला लागले तेव्हा ती उठली आणि वीस पावलं माझ्या मागे आली. अशोक समोरून येताना दिसल्यावर थांबली.