डावीकडचा ब्रेक

मास्तरांचा उजवा पाय जेवतानाही स्वस्थ नसे. बायकोने भांडं जरा जोरात ठेवलं की तो आपोआप फरशीवर दाबला जाई. अर्धं आयुष्य त्यांनी गाडी शिकणाऱ्यांच्या डावीकडे बसून काढलं होतं. तिथे त्यांच्यासाठी वेगळा ब्रेक होता. म्हणून बायको कायम मागे बसे. पुढे बसली आणि चुकून पाय पडला तर?

यंदा उन्हाळ्यात गाडीचा एसी बंद पडला. आधी दोनदा गॅस भरून वेळ मारून नेली होती. या वेळी मेकॅनिकने बोनेट बंद केलं आणि नुसता हात पुसत राहिला.

"कॉइल गळतेय, कॉम्प्रेसरही गेलाय. अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागेल. खर्च गाडीच्या निम्म्या किमतीवर जाईल, मास्तर. विचार करून सांगा."

विचारच तर थांबत नव्हता. काचा खाली केल्यापासून सगळा रस्ता गाडीत शिरला होता. मागच्यांचे हॉर्न, "आजोबा, मैदानात शिकवा की" असले टोमणे. शिकणाऱ्यांचे घामट हात स्टिअरिंगवरून सटकत. शिकायला येणारी बँकेतली एक बाई तर दुसऱ्या क्लासला निघून गेली.

"करून टाका एकदाचं," बायको म्हणाली. "येरझाऱ्या घालून फरशी झिजवलीत."

"एवढा पैसा घालायचा, तर पुढे शिकवायलाही हवं. किती दिवस जमेल?"

"मला काय विचारता? पाय तुमचा."

ती सहज बोलली, पण मास्तरांनी हातातला घास ताटात ठेवला. नुकतीच शाळेच्या वळणावर एक सायकल आडवी आली होती. गाडी शिकणाऱ्या शिंपीणबाईंनी स्वतःच ब्रेक दाबला. मास्तरांचा पाय मागाहून पोचला. "बघा, तुमची गरजच पडली नाही," बाई खुशीत म्हणाल्या. तेही हसले. घरी मात्र बोलले नाहीत.

उकाड्याने डोकं ठिकाणावर नव्हतं, दुसरं काय. एसी झाला की पायही ठीक होईल. अंघोळ करताना हे त्यांना पटे. टॉवेल वाळत घालेपर्यंत पटेनासं होई.

शेवटी त्यांनी शिंपीणबाईंना भल्या पहाटे बोलावलं. हवा गार होती, रस्ता मोकळा. एक कुत्रं मध्ये आलं. बाईंनी गाडी थांबवली. मास्तरांचा पाय पुन्हा मागाहूनच पोचला.

तिथून ते तडक गॅरेजात गेले.

"एसी कर. आणि डॅशबोर्ड उतरवशील तेव्हा डावीकडचा ब्रेकही काढून टाक."

"मग शिकवणार कसे?"

"बंद केलं."

"मग एसीवर एवढा खर्च कशाला? हौस?"

"बायको आता पुढे बसेल. समोरच्या काचेतून ऊन फार येतं."

गाडी आली त्या दुपारी दोघं बाहेर पडली. काचा वर होत्या, आत गारवा होता, रस्ता मुका झाला होता. बायकोने एसीच्या झडपेपुढे हात धरला, मग पदर नीट केला. शाळेचं वळण आलं तसा मास्तरांनी वेग कमी केला आणि तिरक्या नजरेने डावीकडे पाहिलं.

तिचा पाय खालच्या रबरी मॅटवर गच्च दाबलेला होता.

"काय गं?"

"काही नाही," ती म्हणाली. "तुम्ही समोर बघा."