तिसऱ्या लेण्यातली रिकामी जागा

समस्त वाचकांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येतं की, उस्मानपुऱ्यात चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या आणि भुताखेतांच्या गोष्टी ऐकून खो-खो हसणाऱ्या एका इसमाची - म्हणजे माझी - दगडानं पार फजिती केलेली आहे. चष्म्यासकट माझी नजर उत्तम आहे. डोळे तपासणं हा माझा धंदाच आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

दुष्काळाचा उन्हाळा होता, नाथसागर धरणाचं पाणी तळाला गेलेलं. लासूर स्टेशनला दिलेली माझी ताई तेव्हा बीड बायपासच्या पलीकडं नव्या फ्लॅटमध्ये राहायची. तिथं इमारती आल्या, पाणी यायचं राहिलं! पण टँकरच्या रांगेत ताईनं ठेवलेला हंडा हलवायची कुणाची टाप नव्हती. "जागा माझी हाय!" असा तिचा आवाज आला, की अख्खी लाइन मागं सरायची.

तिची लेक केतकी बिडकीनची नोकरी सोडून वर्षभर बुद्धाचं वाचत होती, ध्यानाला बसत होती. आता भिक्षुणींच्या विहारात राहायला जाते म्हणाली. ताईनं मला फर्मावलं, "तू मामा ना तिचा? काढ ते खूळ डोक्यातून."

केतकी म्हणाली, "आधी लेण्यात चल माझ्यासोबत."

विद्यापीठामागच्या डोंगरावर भर दुपारी पायऱ्या चढताना माझ्या छातीचा भाता झालेला... आणि ही शांतपणे बोलत होती, "मामा, कुठंही बसले तरी मी पाहुणी आल्यासारखंच वाटतं रे. आज इथंही तसंच वाटलं, तर सोडून देईन सगळं."

मी मनात म्हटलं, वा! काम फत्ते!

तिसऱ्या लेण्याच्या गाभाऱ्यात बुद्धाची भव्य मूर्ती आहे. तिच्यासमोर दगडात कोरलेली बाया-माणसं गुडघे टेकून, हात जोडून रांगेत बसलीत... अगदी तुमच्या-आमच्याएवढी. त्या रांगेत दोन बायांच्या मधोमध एक जागा रिकामी होती. केतकी गेली आणि तिथं बसली.

बाहेरचं ऊन फरशीवरून उलटून आत येत होतं. सगळ्यांचे गाल सारखेच पिवळसर झाले... आणि तिच्या शेजारच्या बाईनं कोपर हळूच आत घेतलं. एसटीत बाकावर आपण नाही का घेत, तसं. मग किती वेळ गेला, कोण जाणे. त्या रांगेत आपली केतकी कुठली, हेच मला क्षणभर कळेना.

ती उठून आली तेव्हा डोळे भरलेले. "मामा, सरकल्या त्या! पाहिलंस ना?"

"मी चष्मा पुसत होतो," मी म्हणालो. धडधडीत खोटं!

हे कानावर गेल्यावर दुसऱ्या दिवशी ताई तणतणत आमच्यासोबत आली. "दाखव कुठं बसलीस ते!"

जागा नव्हतीच. त्या दोन्ही बाया एकाच कातळात, खांद्याला खांदा लावून. मध्ये तळहातही जाईना. पहारेकरी म्हणाला, "खाली जगा? नै साब, मैं तो कब्बी देखाच नै."

ऊन लागलं म्हणावं, तर दोघांना एकच भास कसा होईल?

केतकीचा चेहरा उतरला. "म्हणजे इथंही माझं काही नव्हतंच," ती पुटपुटली.

मला वाटलं, ताई जिंकली. आता लेकीला घेऊन घरी निघेल. पण ताईनं पदर खोचला, त्या दगडी बायांपुढं जाऊन उभी राहिली आणि गाभारा दणाणेल अशा आवाजात ओरडली -

"ए बायांनो, सरका! काल माझी पोरगी इथं बसून गेलीय. जागा तिची हाय!"