रोशेल टॅकेटच्या घरातली शांतता

आमच्या गल्लीत रोशेल टॅकेटबद्दल कुणी वाईट बोलत नाही, आणि बोललंच तर मी त्याला सोडणार नाही. बारा वर्षं ती अॅम्ब्युलन्सवर होती. नदीकाठच्या या गावात ज्याच्या छातीत कळ आली, जो कुणी जिन्यावरून गडगडला, त्याच्या उशाशी सगळ्यात आधी तीच पोचायची. माझ्या नवऱ्याची छाती तिने पाऊण तास दाबली. तो वाचला नाही, पण थांबा म्हणेपर्यंत तिने हात काढले नाहीत.

तिला डॉक्टर व्हायचं होतं. कॉलेजात ती इतिहास शिकलेली. त्यामुळे वैद्यकीय कॉलेजात नुसता अर्ज करायचा तरी जीवशास्त्र, रसायन, भौतिक, सगळं प्रयोगांसकट पुरं करणं भाग होतं. जवळचं कॉलेज नव्वद मैलांवर, ड्यूटी चोवीस-चोवीस तासांची, आणि घरी वेंडल. म्हणून तेहतिसाव्या वर्षी तिने ते सगळं ऑनलाइन शिकायला घेतलं.

वेंडल म्हणजे तिचा बाप. चाळीस वर्षं त्याने कोळशाचे पडाव ढकलणारी बोट नदीत वर-खाली नेली आणि तितकीच वर्षं सिगारेटी ओढल्या. आता फुप्फुसं गेली होती. नाकात नळी, आणि तिच्या दुसऱ्या टोकाला ऑक्सिजन देणारं एक यंत्र दिवसरात्र घरघरत असायचं. नळी निघाली की तासाभरात कारभार आटोपेल, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलेलं. डोकंही मधूनमधून भरकटायचं. वात्रटपणा मात्र जागच्या जागी होता.

जीवशास्त्राच्या प्रयोगांचं खोकं आलं तेव्हा मी तिथेच होते. त्यात डुकराचं न जन्मलेलं पिल्लू निघालं, औषधात मुरवलेलं. रोशेलने ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं आणि समोर कॅमेरा लावून कापायला घेतलं.

"रविवारचं जेवण का हे?" वेंडल म्हणाला. "वेल्डा, बटाटे उकडायला टाक."

"आधी तुझी फुप्फुसं काढते बाहेर, ती टाकते," मी म्हटलं. तीस वर्षं शाळेच्या खानावळीत रांधलंय मी, असल्या बोलण्याने माझं जेवण चुकत नाही.

"ती नको. ती शेगडीत घाल, चांगली पेटतील."

"डॅड, गप्प बसा हो," रोशेल हसत म्हणाली. "रेकॉर्ड होतंय सगळं."

तेव्हा आम्ही हसलो. पण त्या घरात 'गप्प बसा' हे शब्द पुढे फार वेळा ऐकू यायला लागले.

या परीक्षा मला कधीच आवडल्या नाहीत. पोर आपल्याच खोलीत बसलेली आणि कुठला तरी परका माणूस तिला पडद्यातून न्याहाळतोय. आधी लॅपटॉप फिरवून चारी भिंती दाखवायच्या, टेबलाखालचं दाखवायचं, केस मागे सारून कान दाखवायचे. मग दोन तास नजर हलवायची नाही, ओठ हलवायचे नाहीत, खुर्चीवरून उठायचं नाही. खोलीत दुसरं कुणी आलं की पेपर बाद.

आणि फेब्रुवारीत, भौतिकच्या पेपरात, वेंडल दार ढकलून आत गेला. "शेली, माझी कॉफी कुठाय?"

एवढंच. पेपर बाद झाला. तिने अर्ज-विनंत्या करून फेरपरीक्षा मिळवली, पण सोबत कॉलेजचं पत्र आलं. पुन्हा असं काही घडलं तर कॉपी म्हणून नोंद होईल. वैद्यकीय कॉलेजच्या अर्जात अशी नोंद लपवता येत नाही, आणि छत्तीस वर्षांच्या अॅम्ब्युलन्सवालीला त्यानंतर कोण घेणार? तीन वर्षं पाण्यात गेली असती. ते पत्र तिने मला वाचून दाखवलं, घडी घातली, पुन्हा उघडलं आणि पुन्हा वाचलं. उलटलेल्या ट्रकमधून माणसं ओढून काढणारी पोर ती.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तिने खोलीला आतून कडी बसवली. यंत्राची घरघर दुसऱ्या कुणाचं बोलणं म्हणून धरली जाईल, या भीतीने यंत्रच खाली तळघरात नेलं. पन्नास फूट लांब नळी आणली. ती तळघराच्या जिन्याने वर यायची आणि तळघराच्या दाराखालच्या फटीतून बैठकीत वेंडलच्या खुर्चीपर्यंत जायची. आणि तिने एक लाल पुठ्ठा आणला.

"हा दारावर दिसला की हाक मारायची नाही, डॅड. काही झालं तरी. हवं ते मिस वेल्डांना खुणेने सांगायचं. खोकला आला तर उशीत."

मिस वेल्डा म्हणजे मी; आमच्या गावात वडीलधाऱ्या बाईला, लग्न झालेलं असलं तरी, मिसच म्हणतात. तीन रविवार त्यांनी याची तालीम केली. ती पुठ्ठा लावून आत जायची, वेंडल खुर्चीत ओठ मिटून बसायचा, पाऊण तासाने ती बाहेर येऊन त्याच्या कपाळावर ओठ टेकायची. मला ते बघवेना.

"कुत्र्याला शिकवतात तसं शिकवतेयस बापाला," मी म्हटलं.

"भुंकून दाखवू का?" वेंडल म्हणाला.

"एकच पेपर उरलाय, मिस वेल्डा," रोशेल म्हणाली. तिला हसू आलं नव्हतं. "सेंद्रिय रसायन. हत्ती गेला आणि शेपूट राहिलंय. तेवढे दोन तास तुम्ही बसा त्यांच्याजवळ."

ती आत गेल्यावर वेंडल मला हळूच म्हणाला, "माझ्यामुळे एकदा गेलं होतं पोरीचं. आता जीव गेला तरी आवाज नाही करणार."

लोक असं बोलतात. मीही शंभर वेळा बोलले असेन.

पेपर मेमधल्या शनिवारी होता, दहा ते बारा. पुठ्ठा लागला, कडी लागली. वेंडल खुर्चीत, समोर आवाज बंद करून लावलेली बेसबॉलची मॅच. मी शब्दकोडं घेऊन बसले. तळघराचं दार वीतभर उघडं होतं आणि त्यातून घरघर येत होती. भरलेल्या घरात ती जाणवली नसती, पण त्या शांततेत ती मला फार मोठी वाटायला लागली. बारीक आवाज माझ्या कानांना आता ऐकू येत नाहीत, जाड येतात. मला वाटलं, मला ऐकू येतंय म्हणजे त्या पडद्यातल्या माणसाला येणारच. पुन्हा बाद करेल मेला. म्हणून अकराच्या सुमारास मी उठले आणि ते दार ओढून घट्ट लावलं.

नळी दाराखालून जाते हे मला माहीत होतं. नदीच्या दमटपणाने या गावातली सगळी दारं फुगतात हेही माहीत होतं. पण मी ते दार लावलं, घरघर थांबली, आणि मला बरं वाटलं.

थोड्या वेळाने वेंडलने खुर्चीच्या हातावर दोनदा चापट मारली. मी ओठांवर बोट ठेवलं. त्याने दारावरच्या पुठ्ठ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. मग नाकाकडे बोट दाखवलं. मी त्याला रुमाल दिला. त्याने तो घेतला, हातात धरून ठेवला, आणि माझ्याकडे असा बघत राहिला की मला थोडा रागच आला. किती लाड करायचे या म्हाताऱ्याचे, असं मनात आलं. पुढे त्याचे डोळे मिटले. झोपला, चला, सुटलो, असं म्हणून मी कोड्यात डोकं घातलं.

बाराला दोन मिनिटं कमी असताना कडी वाजली. रोशेल धावतच बाहेर आली. एका नजरेत तिने बापाला पाहिलं, त्याला खुर्चीतून जमिनीवर घेतलं आणि छाती दाबायला लागली.

"मिस वेल्डा, नऊ-एक-एकला फोन! आणि यंत्र बघा, यंत्र!"

फोन करून मी तळघराकडे गेले. दाराखाली नळी चपटी होऊन बसली होती. मी दार उघडलं. नळी फुगली. खाली यंत्रावरचा लाल दिवा माझ्या डोळ्यांदेखत हिरवा झाला.

"चालू आहे," मी ओरडून सांगितलं.

ते खोटं नव्हतं. त्या क्षणी यंत्र चालूच होतं.

तिचेच सोबती अॅम्ब्युलन्स घेऊन आले. एरवी तिला डॉक्टरीणबाई म्हणून चिडवणारी माणसं ती, पण त्या दिवशी ती सरळ कामाला लागली. त्यांनी तिला खांद्याला धरून बाजूला केलं तेव्हा साडेबारा वाजले होते. फुप्फुसं आधीच संपलेली, वय अठ्ठ्याहत्तर. मरणाचा दाखला देताना कुणालाही काही विचारावंसं वाटलं नाही.

पेपरात तिला ए मिळाला. पुढच्या वर्षी वैद्यकीय कॉलेजने तिला घेतलं. निघायच्या आदल्या दिवशी ती माझ्याकडे मक्याची भाकरी आणि बीन्स खायला आली, आणि ताटावर बसल्या बसल्या म्हणाली, "मी ऐकलं होतं, मिस वेल्डा."

"काय ऐकलंस?"

"यंत्राचा इशारा. बारीक टिट टिट. माझ्या खोलीत तळघरातली गरम हवा वर येते ती जाळी आहे ना जमिनीला, तिच्यातून येत होता. अकरापासून. वाटलं, तुम्ही आहात तिथे. बघताय. मग थांबेना तेव्हा वाटलं, उठावं. घड्याळ बघितलं. उठले तर सगळंच गेलं." ती ताटाकडे बघत होती. "त्या लोकांनी माझं रेकॉर्डिंग तपासलं. मी मान वर करते, ऐकते, दाराकडे बघते, आणि परत लिहायला लागते. पत्र आलं त्यांचं. काहीही वावगं आढळलं नाही म्हणे."

खरं सांगायची तीच वेळ होती. एक वाक्य पुरलं असतं.

"तुम्ही तर म्हणालात यंत्र चालू आहे," ती म्हणाली. "मग ते वाजत का होतं?"

"मला नाही ऐकू आलं, बाळा."

तिने हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. मग तिने मान हलवली.

"म्हणजे फक्त मीच ऐकलं."

"हो," मी म्हटलं. "फक्त तूच."