सुईची टोपी

"या माणसाच्या फोटोखाली मी दंड उघडा करणार नाही! तोफेच्या तोंडी बांधा, तरी नाही!"

सुभेदार कदम ओरडत होते. वय ब्याऐंशी, बायपास झालेलं, आणि आवाज असा की हॉलमधली ट्यूबलाइट दोनदा लुकलुकली. किल्ल्यावरच्या पोपटांनी त्या दिवशी झाडं बदलली असणार. मी हातात कापसाचा बोळा धरून उभी होते आणि भिंतीवरच्या बॅनरमधून आमच्या वॉर्डाचे नेताजी माझ्याकडे बघून हसत होते.

मी शिर्के सिस्टर. आता रिटायर. लष्कर भागातल्या सरकारी आरोग्य केंद्रात तीसेक वर्षं सुया टोचल्या. अर्ध्या ग्वाल्हेरचा डावा दंड मी बघितलाय. चेहरा विसरते, दंड विसरत नाही. ही गोष्ट कोविडच्या बूस्टरच्या दिवसांतली. सरकारी कागदावर त्याचं नाव 'प्रिकॉशन डोस' होतं, पण ते म्हणता म्हणता म्हाताऱ्यांच्या कवळ्या निघायच्या, म्हणून सगळे बूस्टरच म्हणत. दुसऱ्या डोसला नऊ महिने झाले की साठीच्या पुढच्यांना तो मिळायचा.

शिंदे की छावनीतल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये आमचा कॅम्प होता. सकाळी साडेनऊलाच म्हातारे येऊन बसले. थंडी सरत आली होती, पण ग्वाल्हेरचा म्हातारा होळीपर्यंत स्वेटर काढत नाही. एकेकाच्या अंगावर चार-चार. दंड शोधायचा म्हणजे कोबी सोलायचं काम.

तर अडचण काय होती ते सांगते. लशीच्या बाटलीला आम्ही व्हायल म्हणतो. एका व्हायलमध्ये दहा डोस. ती बर्फाच्या निळ्या डब्यात असते तोवर शांत असते. एकदा उघडली की तिच्यावर पेनानं वेळ लिहायची, आणि चार तासांनी उरलं असेल ते फेकायचं. मग ते अमृत का असेना. म्हणून शहाणी सिस्टर दहा माणसं समोर बसवल्याशिवाय व्हायल उघडत नाही.

मीही शहाणीच होते. पण दहा वाजता आमच्या मेडिकल ऑफिसर सरांचा फोन आला. "सिस्टर, नेताजी दहा मिनिटांत पोहोचतायत. कॅम्पचं उद्घाटन. व्हायल खोलून तयार ठेवा, त्यांना थांबवायचं नाही."

मी उघडली. वर लिहिलं, दहा वाजून पाच मिनिटं. नेताजींची दहा मिनिटं कोणत्या घड्याळातली, हे तीस वर्षांच्या नोकरीत मला कळायला हवं होतं.

नेताजींच्या आधी बॅनर आला. दोन कार्यकर्त्यांनी तो भिंतीवर ठोकला आणि निघून गेले. बॅनरवर नेताजी खुर्चीत बसलेले, बाही वर केलेली, दंडाशी सुई, खाली मोठ्या अक्षरांत: 'मैंने लगवाया, आप भी लगवाइए.' त्याच्या खाली 'युवा नेतृत्व.'

आणि सुभेदारांनी तोफ डागली.

मी म्हटलं, "काकाजी, फोटोकडे पाठ करून बसा ना. सुई मला लावायची आहे, फोटोला नाही."

"फोटोतच तर गोम आहे, सिस्टर! तोफखान्यात होतो मी. चार कोसांवरचं निशाण ओळखायचो. दफ्तरदार, काढा तुमचा कागद!"

दफ्तरदार काका म्हणजे बँकेतून रिटायर झालेले गृहस्थ. त्यांचे पणजोबा दरबारात कागदपत्रं सांभाळायचे. दरबार गेला, सवय राहिली. या माणसाकडे एकोणीसशे सत्तरपासूनची विजेची बिलं क्रमानं लावलेली आहेत. त्यांनी पिशवीतून फाइल काढली, फाइलीतून पेपरचं कात्रण. तोच फोटो, महिन्यापूर्वी छापलेला. त्यावर भिंग धरलं.

"बघा सिस्टर," ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, "सुईवरची टोपी काढलेलीच नाही."

सुईवर प्लॅस्टिकची एक टोपी असते. ती असताना इंजेक्शन देणं म्हणजे बाटलीचं बूच न काढता पाणी पिणं.

भिंग हातोहात फिरलं. सगळ्या म्हाताऱ्यांनी टोपी बघितली. एका आजींना भिंगातून नेताजींच्या कानातले केससुद्धा दिसले, ते त्यांनी सगळ्यांना सांगितलं.

"म्हणजे ह्यानं स्वतः घेतली नाही," सुभेदार म्हणाले, "आणि आम्हाला म्हणतो, घ्या. का? काय आहे ह्या बाटलीत? सांगा!"

हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली. आमच्या छावनीत एक रीत आहे. मंडळात सत्यनारायणाचा प्रसादसुद्धा सुभेदारांनी घेतल्याशिवाय कोणी हातात घेत नाही. ते उठून गेले असते, तर मागोमाग सगळा हॉल रिकामा झाला असता. आणि एकदा 'नाही' म्हणून घरी गेलेले सुभेदार परत येणाऱ्यांतले नव्हते. तिसरी लाट चालूच होती. त्यांची छाती मला माहीत होती; मागच्या लाटेत अकरा दिवस ऑक्सिजनवर काढले होते त्यांनी. पुन्हा तसं झालं तर बारावा दिवस दिसेल याची खात्री कोणी देत नव्हतं.

शेजारी त्यांच्या पत्नी बसल्या होत्या, काकी. मांडीवर पिशवी, पिशवीवर हात. मी त्यांच्याकडे वळले. "काकी, तुम्ही तरी या."

"हे घेतील तेव्हा," काकी म्हणाल्या. बस्स, तेवढंच.

आता सुभेदारांचा राग टोपीचा नव्हता, हे मला ठाऊक होतं. दुसऱ्या लाटेत त्यांचा धाकटा भाऊ बिर्लानगरला घरीच तडफडत होता. सुभेदारांनी स्वतः आजारी असताना नेताजींना फोन केला. नेताजी म्हणाले, "सिलिंडर निकल चुका है, काकाजी." सिलिंडर आला नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात नेताजींचा फोटो आला, सिलिंडरवर हात ठेवून उभे असलेला. त्याच दिवशी भाऊ गेला. तेव्हापासून सुभेदार पेपर भिंगाशिवाय वाचत नाहीत.

साडेअकरा वाजले. मी बाहेर जाऊन सरांना फोन लावला.

"सर, नेताजी नाही आले. आणि इथे फोटोतली टोपी पकडलीय."

"कोणती टोपी?"

"सुईची."

सरांनी घसा साफ केला. मग म्हणाले, "सांगा, सावली आहे."

"भिंगातून बघितलंय त्यांनी, सर."

"मग सांगा, फोटो आधीचा आहे, सुई नंतर लावली. त्यांना काय कळतंय! आणि सिस्टर, बॅनर उतरवू नका हां. वरून फोन येईल."

मी आत आले. व्हायलवरची वेळ माझ्याकडे बघत होती, आणि बॅनरही. खरं सांगते, त्या बॅनरकडे मी सकाळपासून तिरक्या नजरेनंच बघत होते. त्यात नेताजी पूर्ण होते, पण सुई धरणाऱ्या बाईचा फक्त हात होता. बाकीची बाई कापून टाकली होती. हातात स्टीलचं घड्याळ, काळ्या पट्ट्याचं.

तेच घड्याळ माझ्या मनगटावर होतं.

महिन्यापूर्वी आमच्या केंद्रावर नेताजी आले होते. खुर्चीत बसले, बाही वर केली, मी टोपी काढायला गेले तर माझा हात धरून हळूच म्हणाले, "सिस्टरजी, पहले फोटो. सुई बंगले पर." सरांनी मान हलवली. आमच्याकडे कामाची पद्धतच तशी पडली होती: आधी फोटो, मग काम. बंगल्यावरून बोलावणं कधी आलंच नाही. नेताजींचे पहिले दोन डोस बंगल्यावरच झाले होते, दार लावून. माझ्या सोबतची सिस्टर सांगत होती, किंकाळी शहराच्या दुसऱ्या टोकाला, मुरारपर्यंत गेली. त्यांना लशीचं भय नव्हतं. सुईचं होतं. पाच वर्षांच्या पोराला असतं तेवढं.

बारा वाजले. साडेबारा झाले. दोघंतिघं आधार कार्ड खिशात घालून उठायला लागले. सुभेदारही काठी टेकून उभे राहिले.

मी सरळ त्यांच्यासमोर गेले आणि मनगट पुढे केलं.

"काकाजी, भिंग आणा. घड्याळ बघा."

त्यांनी घड्याळ बघितलं. बॅनर बघितला. पुन्हा घड्याळ बघितलं.

"हो," मी म्हटलं, "हात माझा आहे. टोपी होती. नेताजींनी बूस्टर घेतलेला नाही. सुईला घाबरतात ते. लशीत काही नाही, खोट आमच्यात आहे. मला आधी फोटो काढायला सांगितलं आणि मी काढू दिला."

रिटायर व्हायला दोन वर्षं होती. मनात म्हटलं, बाई, गेली तुझी पेन्शन चंबळच्या पाण्यात.

"हुकूम कोणाचा होता?" सुभेदारांनी विचारलं.

"हुकूम वरचा. हात माझा."

सुभेदार माझ्याकडे बघत राहिले. मग काठी भिंतीला टेकवली आणि खुर्चीत बसले. पहिल्या स्वेटरचं बटण उघडलं.

"दोन वर्षांत," ते म्हणाले, "सरकारी माणसाच्या तोंडून पहिली खरी गोष्ट ऐकली. लावा सुई. पण टोपी दाखवून काढायची."

दफ्तरदार काका भिंग घेऊन शेजारी उभे राहिले. मी टोपी काढली.

"निघाली," त्यांनी जाहीर केलं. सुई गेली. "आत गेली." सुई बाहेर आली. "झालं. नोंद घेतली."

मग काय, रांग लागली. प्रत्येक सुईला दफ्तरदारांचं समालोचन. खुद्द त्यांच्या दंडात सुई गेली तेव्हा भिंग सुभेदारांनी धरलं. बघता बघता आठ झाले, नऊ झाले. पावणेदोन वाजले होते. व्हायलमध्ये शेवटचा एक डोस राहिला आणि खुर्चीवर राहिल्या काकी.

तेवढ्यात दारात गलका झाला. हार, फोटोग्राफर, चार कार्यकर्ते आणि मधोमध नेताजी.

"अरे सिस्टरजी, नमस्कार! चलिए, जल्दी से फोटो हो जाए, सिटी सेंटर में मीटिंग है. वैसे ही, पिछली बार जैसे."

मी म्हटलं, "एक मिनट, नेताजी. या, काकी. बाही वर करा, आधार नंबर सांगा."

काकी हलल्या नाहीत. "मला परवाच झाली," त्या म्हणाल्या. "सूनबाईनं नेलं होतं दवाखान्यात."

सुभेदारांनी मान अशी वळवली की मला त्यांच्या मणक्याची काळजी वाटली. "मग मघाशी 'हे घेतील तेव्हा' काय म्हणत होतीस? सकाळपासून इथं बसून केलंस काय?"

"तुमच्या सुईची वाट बघत होते."

सगळा हॉल हसला. सुभेदार सोडून. ते बॅनरकडे बघत होते, मग माझ्या हातातल्या व्हायलकडे, मग नेताजींकडे. हळूहळू सगळ्या म्हाताऱ्यांच्या माना तिकडेच वळल्या.

"एक बची है," दफ्तरदार काका म्हणाले.

नेताजींचं हसू जाग्यावर होतं, बाकी चेहरा निघून गेला होता. "मेरी तो... अभी उमर कहाँ हुई है, काकाजी. पहले बुज़ुर्ग..."

दफ्तरदारांनी फाइल उघडली. निवडणुकीच्या वेळी नेताजींनी भरलेल्या अर्जाची प्रत त्यात होती. युवा नेतृत्व बासष्ट वर्षांचं निघालं.

"सुबह से खाली पेट हूँ," नेताजी म्हणाले.

काकींनी पिशवीतून डबा काढला, डब्यातून तिळाचा लाडू. "लो भैया, खा लो. आराम से."

नेताजींनी लाडू खाल्ला. इतका हळू लाडू मी आयुष्यात कोणी खाताना बघितला नाही. एक-एक तीळ चावला. दोन वाजले; व्हायल फेकायला पाच मिनिटं उरली होती.

तेव्हा सुभेदार उठले. मला वाटलं, आता दुसरी तोफ. पण ते ओरडले नाहीत. रिकामी खुर्ची नेताजींपुढे ओढली आणि अगदी हळू म्हणाले, "उस दिन सिलिंडर नहीं आया था. आज कम से कम तुम तो बैठ जाओ."

नेताजींनी खाली बघितलं. कोणी हसलं नाही. मग ते बसले आणि स्वतःच्या हातानं बाही वर केली. मान दुसरीकडे वळवून डोळे घट्ट मिटले होते त्यांनी, हे मी बघितलं. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला त्या माणसाबद्दल थोडं बरं वाटलं.

मी टोपी काढली.

"निघाली," दफ्तरदार म्हणाले.

पुढची किंकाळी कोणत्याही राजकीय पक्षाच्या सभेत ऐकू आलेली नाही. रस्त्यावरची एक म्हैस बसलेली होती ती उठली. नेताजींनी दुसऱ्या हातानं फोटोग्राफरचं मनगट असं आवळलं होतं की त्याचा कॅमेरा शेवटपर्यंत जमिनीकडे बघत राहिला. नंतर नियमाप्रमाणे अर्धा तास त्यांना बसवलं. चक्कर वगैरे येते का बघायला अर्धा तास थांबवायचं असतं. त्या अर्ध्या तासात सुभेदार त्यांच्या शेजारी बसून होते. काकींनी दुसरा लाडू दिला, तो नेताजींनी एका घासात खाल्ला.

जाताना बॅनर त्यांनी स्वतःच उतरवायला सांगितला.

आमच्या कामात एक नियम आहे. सुईवरून काढलेली टोपी परत घालायची नसते. घालायला गेलं की हमखास आपल्याच बोटाला टोचते. तीस वर्षं मी तो नव्या मुलींना शिकवला, आणि मला स्वतःला तो त्या दिवशी दुपारी समजला.

मी रिकाम्या डब्याचं झाकण लावत होते तेव्हा सरांचा फोन आला.

"सिस्टर, नेताजी येऊन गेले ना? मग फोटो कुठे आहे? कधीची वाट बघतोय."

"फोटो नाही, सर," मी म्हटलं. "इंजेक्शन दिलं."