कोठीच्या दाराची चौकट

पंजाबात खरडजवळच्या गावातली ही जुनी कोठी, म्हणजे बंगलाच, भाड्यानं घेताना मी दोनच गोष्टी बघितल्या. मोहालीतलं ऑफिस अर्ध्या तासावर आणि वरचा मजला हवेशीर. कोठी कुणाची, किती जुनी, मला काय करायचंय! खाली मालक राहायचे, एकटेच, ऐंशीचे. मी त्यांना चाचाजी म्हणायचे.

पाडव्याच्या आठवड्यात ते बहिणीकडे गेले होते. दारात गुढी उभारायची आणि चौकट ही अशी मळकी, रेघोट्यांनी भरलेली. मला बाई बघवत नाही असलं काही. शिवाय स्वस्थ बसणं माझ्या रक्तातच नाही. काचपेपरनं खसाखसा घासली, पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले. काय झकास दिसत होती!

चाचाजी परतले आणि पायरीवरच बसले. "बेटा, ये क्या कर दिया?"

मग कळलं. कोठी बांधली एका हकिमांनी. मुलं वाढतील तशा त्यांच्या उंचीच्या रेघा त्या चौकटीवर मारायचे. फाळणीत ते कुटुंब पाकिस्तानात गेलं, तिकडून आलेल्या चाचाजींच्या वडिलांना कोठी मिळाली. त्यांनी सगळं घर रंगवलं, पण चौकटीला कुणाला हात लावू दिला नाही. जुन्या रेघांशेजारी चाचाजींच्या रेघा आल्या, मग त्यांच्या मुलांच्या. मुलं आता कॅनडात, कोठी महिन्याभरात बिल्डरकडे जाणार. आणि येत्या रविवारी हकिमांची नात लंडनहून येत होती, नुकत्याच वारलेल्या वडिलांची रेघ बघायला.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार दिवस जीव थाऱ्यावर नव्हता. थिनरनं एक कोपरा पुसून बघितला. खाली नुसतं कोरं लाकूड.

रविवारी त्या आल्या. चाचाजींनी तोंड उघडायच्या आत मीच सांगून टाकलं, "मैंने मिटा दिया जी."

त्या चाचाजींकडे वळल्या. त्यांनी विचारलं, "कहाँ तक थे मेरे अब्बा?"

चाचाजींनी जराही न अडखळता चौकटीवर तळवा टेकवला. "यहाँ तक. सात साल के."

त्या गुडघ्यांवर बसल्या आणि तिथे गाल टेकवला. दोघांनी मला चांगलं झापलं असतं तर परवडलं असतं.

त्या गेल्यावर चाचाजी आतून पेन्सिल घेऊन आले. "इधर आ. सीधी खड़ी रह."

अहो, मी पस्तिशीची बाई! पण घडीभर एका जागी न टिकणारी मी निमूट उभी राहिले. रडू काही आवरेना, त्यामुळे रेघ जरा वाकडीच आली.